उघडू नये अशी एअरबॅग

स्टीअरिंगच्या मधोमध, हॉर्न वाजवायला तुम्ही जिथे तळवा दाबता, त्या झाकणाखाली घडी घालून ठेवलेली असते ती मी. एअरबॅग. गाडी घेताना माझी चौकशी सगळेच करतात. "किती आहेत?" "सहा." "बरं." एवढं झालं की लगेच गाण्यांच्या आवाजाची चौकशी सुरू होते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. माझी आठवण काढायची वेळ येऊ नये, यातच घरादाराचं भलं असतं.

आता मी उघडलेली आहे. एका लांबट खोलीत पत्र्याच्या टेबलावर मला पसरून ठेवलंय आणि माझ्या शिवणीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलीय. चिठ्ठीवर नंबर आहे. मला काय वाटतं असं कुणी विचारलं, तर सांगण्यासारखं काही नाही. वाटायला हवं, हे कळतं. वाटत मात्र नाही.

मला एका बाईनं शिवलं. तिची कंबर दुखायची. तासातासाला ती उठून कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि मुकादम दिसला की झटकन बसायची. तिच्या शिवणीत काही खोट नव्हती, हे मी आजही सांगते. माझी शिवण कुठेही उसवली नाही.

मग मला पोलादाची एक डबी जोडली, तळहातात मावेल एवढी. तिच्यात गोळ्या होत्या, औषधाच्या असतात तशा. गाडी जोरात आदळली की डबीत ठिणगी पडते, गोळ्या पेटतात, त्यांचा वायू होतो आणि मी फुगते. हे सगळं पापणी लवायच्या आत. आयुष्यात एकदाच. डबी दुसऱ्या कारखान्यातून आली होती. आमची ओळखदेख काहीच नव्हती, पण संसार एकत्र करायचा होता.

मला एका क्रॉसओव्हरमध्ये बसवलं. उंच बसायची, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली, घरच्यांसाठीची गाडी. ती घेतली एका नवराबायकोनं. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीनं काम करायचा. बायको फिजिओथेरपिस्ट. गुडघे बदललेल्या आजी, अर्धांगवायूनं पडलेले आजोबा, यांच्या घरी जाऊन ती त्यांना पुन्हा उठवायची, चालवायची. गाडी खरी तिचीच. मागे रबरी दोऱ्या, एक मोठा निळा चेंडू, दोन काठ्या आणि मधून मधून त्यांची सातवीतली मुलगी.

बाई उंचीनं कमी. सीट पुढे ओढून, पाठीला उशी लावून बसली की तिच्यात आणि माझ्यात वीतभर अंतर उरायचं. काच वर असली की ती फार शूर व्हायची. "अहो काका, दिवा डावीकडचा लावलाय, वळताय उजवीकडे, घरी विचारून आलात का कुठे जायचंय ते?" मुलगी मागून म्हणायची, "आई, त्यांना ऐकू जात नाही." "म्हणून तर बोलतेय."

नवरा उंच, अबोल. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "बघू." "सांगतो." "घरी गेल्यावर." बायको म्हणायची, "तुझ्या पोटात गोष्टी मुरत पडतात नुसत्या, लोणच्यासारख्या."

या घरात एक नियम होता. तो कसा झाला, ते मी पाहिलंय. बाईचे वडील हॉस्पिटलात होते, ही गाडी चालवत होती आणि नवऱ्याचा फोन आला. गाडीभर आवाज घुमला. "अगं, बाबा गेले." तिनं ब्रेक दाबला नाही, काहीच केलं नाही. गाडी आपली आपण एका भिंतीला घासत गेली आणि थांबली. वेग इतका कमी होता की मला कुणी हाक मारली नाही. त्या दिवसापासून नवऱ्यानं ठरवलं, गाडीत वाईट बोलायचं नाही. निघायच्या आधीही नाही. बायकोनंही मान्य केलं. चांगला नियम होता. मलाही तेव्हा चांगलाच वाटला.

गाडी सुरू केली की समोर एक लाल दिवा क्षणभर लागतो. तेव्हा गाडीचा मेंदू आम्हा सगळ्या एअरबॅगांची हजेरी घेतो. वायर जोडलेली आहे का? मी म्हणायचे, आहे. दिवा विझायचा. बाई गिअर टाकायची. डबीतल्या गोळ्या कशा आहेत, हे मला कधीच कुणी विचारलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं?

मला कळलं ते पाचव्या वर्षी, नवऱ्याच्या तोंडून. तो एकटाच गाडीत येऊन बसला, दार लावलं आणि हातातलं पत्र समोर धरून सर्व्हिस सेंटरला फोन केला.

"तुमच्याकडून पत्र आलंय. ड्रायव्हरच्या एअरबॅगमध्ये दोष आहे म्हणून."

"हो सर. रिकॉल आहे, कंपनीनं सदोष पार्ट परत मागवलेत. मोफत बदलून मिळेल."

"यात लिहिलंय, डबीत दमट हवा शिरते, गोळ्या भुसभुशीत होतात. उघडताना डबी फुटून तुकडे उडू शकतात." तो थांबला. "तुकडे म्हणजे कसले?"

"सर, ते टेक्निकल आहे. आमच्याकडे आत्ता पार्ट नाही. आला की कळवतो."

"कधी येईल?"

"आठ-पंधरा दिवसांत."

"तोवर गाडी चालवू नये असं लिहिलंय."

"ते सगळ्यांनाच लिहितात, सर. आपल्याकडे अजून काही झालेलं नाही."

फोन बंद झाला. तो माझ्याकडे बघत बसला. कुणी माझ्याकडे इतका वेळ बघितल्याचं मला आठवत नाही. आणि मी अशी कळले मला. मी फुगायची तयारी करत होते आणि माझ्याच पोटात सुरी होती. भीती वाटली असेल मला, पण ती कशी असते ते नीट सांगता येणार नाही. घडी फार घट्ट होती.

त्यानं बायकोला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तिनं गाडी उभी केली असती. पण तिच्याकडे तेव्हा नऊ रुग्ण होते, त्यातल्या एक आजी पहिल्यांदाच काठीशिवाय चार पावलं टाकत होत्या. आणि पंधरा दिवसांचाच प्रश्न होता. सकाळी ती निघायच्या गडबडीत, म्हणजे तेव्हा नाही. गाडीत तर नाहीच. संध्याकाळी दमलेली. हे सगळं माझ्या कानावर पडलं ते त्याच्या पुटपुटण्यातून. एकटा असला की तो पुटपुटायचा. "आज जेवणानंतर सांगतो." दुसऱ्या दिवशी तेच.

सांगितलं नाही, पण एक केलं. त्यानं पाळी बदलून घेतली आणि रोज तोच गाडी चालवू लागला.

"मी सोडतो तुला."

"का? माझे हात मोडलेत?"

"मोकळाच आहे ना मी."

"मोकळा? रात्रभर पंपावर असतोस. डोळे बघ आरशात."

पहिले चार दिवस तिला गंमत वाटली. ती राणीसारखी शेजारी बसायची, मुलगी मागून "बाईसाहेब" म्हणायची. मग चेष्टा संपली. त्यानं उशी काढून मागे टाकली होती, सीट पार मागे नेली होती, आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायला लागला होता. मला त्याची छाती दिसायची, हातभर लांब. तो मुद्दाम मागे रेलून बसायचा. तरी तो माझ्यासमोरच होता. तिच्या जागी.

पंधरा दिवसांचा महिना झाला. ती रुग्णाच्या घरात गेली की तो गाडीत बसून फोन करायचा. पार्ट नाही. पुढच्या आठवड्यात बघा. साहेब जेवायला गेलेत. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. चढायला हवा होता, असं मला वाटतं.

त्या दुपारी ती काठीवाल्या आजींकडे गेली होती. त्यानं फोन लावला. सर्व्हिस सेंटरची मुलगी म्हणाली, "सर, पार्ट आलाय. मंगळवारी सकाळी आणा, तुमचाच पहिला नंबर." त्यानं तीनदा आभार मानले. फोन ठेवून स्टीअरिंगवर, म्हणजे माझ्यावर, दोन्ही हात ठेवून तो चक्क हसला. "आज सांगतो," तो म्हणाला. आता ती वाईट बातमी उरली नव्हती ना. झालं गेलं, म्हणून सांगता आली असती. ती चिडली असती, त्याला चार शब्द सुनावले असते, आणि रात्री जेवताना मुलीसमोर त्याचीच फजिती झाली असती.

बाई बाहेर आली ती तोंड पाडून. दार आपटून शेजारी बसली.

"आजींची सून काय म्हणाली माहितीये? रोज नवरा सोडायला येतो, तुम्हाला गाडी येत नाही वाटतं."

"म्हणू दे."

"म्हणू दे काय! त्या भिंतीचं अजून डोक्यात आहे ना तुझ्या? एकदा घासली, तर जन्मभर माझा भरवसा नाही?"

"तसं नाही गं."

"मग दे किल्ली. मी चालवते."

"आज नको."

"का नको?"

"घरी गेल्यावर सांगतो."

"आत्ता सांग."

"गाडीत नको," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली. लाल दिवा लागला, विझला.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. तो एक-दोनदा तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसला. तिनं पाहिलं नाही.

मंडईच्या मागच्या रस्त्याला एक टेम्पो गल्लीतून उलटा बाहेर आला. याचा वेग चाळीसच्या आसपास. त्यानं ब्रेक दाबला, तरी टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यावर गाडी आदळली. फार काही नाही. पुढचं नाक चेपलं, एक दिवा फुटला. लोक खाली उतरून हुज्जत घालतात आणि आपापल्या वाटेनं जातात, त्यातलाच धक्का. पण मला हाक आली.

मी उघडले.

शेजारची, डॅशबोर्डातली, तीही उघडली. तिची डबी वेगळ्या कारखान्यातली. तिनं बाईला नीट झेललं. बाईच्या गालाला खरचटलं, बस. मीही त्याला झेललं असतं. कापड त्याच्या तोंडापर्यंत पोचलंसुद्धा होतं. पण मागून डबी फुटली, आणि नखाएवढा एक तुकडा मला फाडून त्याच्या मानेत गेला.

बाईनं आपली ओढणी त्याच्या मानेवर दाबून धरली. दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून. हात तिचे मजबूत होते, कामच ते. ती सारखी म्हणत होती, "बोल. काय सांगत होतास, बोल." तो तिच्याकडे बघत होता. टेम्पोवाला रस्त्यावर बसून डोक्याला हात लावून रडत होता. रुग्णवाहिका लवकर आली, असं सगळे म्हणाले. तिचा उपयोग झाला नाही.

यावर मी रडले, चिडले, असं लिहिता येईल. खोटं होईल. मी माझं काम केलं, आणि माझ्याच कामानं माणूस गेला. या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी पडल्या आहेत, काही न बोलता.

आज बाई या खोलीत आली. माझी तपासणी करणारा गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून तिच्यासमोर बसला. कागदावर तिची सही हवी होती.

"मॅडम, कंपनीच्या नोंदीत पत्र पोचल्याचं आहे. त्यानंतर तुमच्या मिस्टरांचे अकरा फोन आहेत. शेवटचा अपघाताआधी पाऊण तास."

"कसलं पत्र?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग फाइलमधून प्रत काढली.

"वाचा तुम्हीच," ती म्हणाली. "माझा चष्मा नाही आणला."

तो वाचू लागला. दोष, डबी, दमट हवा. मग, "पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नये. विशेषतः उंचीनं कमी असलेल्या, स्टीअरिंगच्या जवळ बसून चालवणाऱ्या व्यक्तीला..." तो थांबला.

"वाचा."

"...जास्त धोका संभवतो."

तिनं हात पुढे करून माझ्या फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं. हात लावायला मनाई आहे. त्यानं अडवलं नाही.

"महिनाभर भांडले मी त्याच्याशी," ती म्हणाली. "किल्लीसाठी." मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, "मला का नाही सांगितलंस? मी काय काचेची होते?" ती नवऱ्याशी बोलत होती.

तिनं सही केली. मला आता दुसरीकडे पाठवतील. माझ्यासारख्या बऱ्याच जणी तिथे जमा आहेत म्हणे. तिथे आम्हाला एकेक करून नष्ट करतील, आणि ते बरंच होईल. जाताना तुम्हाला एकच विनंती. असं पत्र तुमच्या घरी आलं, तर ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याच्या हातात द्या. त्याला चिडू द्या, रडू द्या, कामं अडू द्या. चांगली वेळ बघत बसू नका.

बाई उठली. गृहस्थ म्हणाला, "कुणी सोडायला आलंय का?"

"नाही. गाडी आणलीय. माझ्या भावाची."

"कुठली गाडी?"

तिनं नाव सांगितलं. कुठल्या सालची, तेही सांगितलं. तो क्षणभर घुटमळला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि टेबलावरची रिकॉलची जाड यादी उघडून त्यात बोट फिरवू लागला.

"तुम्ही बसा ना जरा," तो यादीतून वर न बघता म्हणाला. "पाणी घ्या. मग सांगतो."

"नाही," ती म्हणाली. उभीच राहिली. "आत्ता सांगा."