तिसऱ्या परिच्छेदातली गच्ची

कोपर स्टेशनच्या पश्चिमेला माझा आठ बाय दहाचा गाळा आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्डं आणि मानपत्रं. मानपत्रांचं म्हणाल तर गेल्या वीस वर्षांत या भागातल्या बऱ्याच थोर माणसांना मीच थोर केलंय. निवृत्त होणारे हेडमास्तर, सोसायटीचे चेअरमन, भजनी मंडळाचे पेटीवाले. कॉम्प्युटरवर एक फाईल आहे, तिचं नावच 'थोर'. पहिल्या परिच्छेदात जन्म आणि संस्कार, दुसऱ्यात सेवा, तिसऱ्यात कर्तृत्व, चौथ्यात दीर्घायुष्य. नाव बदलायचं, 'श्री.'चं 'श्रीमती' करायचं, फ्रेमवाल्याकडे धाडायचं. टायपिंग मी कुठे क्लास लावून शिकले नाही. आधीच्या मालकाच्या खुर्चीमागे उभी राहून बघत बघत शिकले.

जानेवारीत मृणालचा फोन आला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आता ती घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहते आणि आमच्या बॅचचा ग्रुप चालवते.

"दर्शू, टिपणीस बाईंचा सत्कार ठरलाय. कल्याणला हॉल बुक केला. मानपत्र तू करायचंस."

"छापायचं की लिहायचं?"

"दोन्ही गं! बाई कोणाचा निबंध वर्गात वाचून दाखवायच्या? माझा?"

"लिहून दुसऱ्या कोणाकडून घे. मी छापून देते."

"नखरे नकोत हं. आणि ऐक, स्टेजवर मी तुझ्याबद्दल पण दोन वाक्यं बोलणारे. परिस्थितीमुळे शाळा सुटली, पण जिद्दीने..."

"ते नको, मृणाल."

"अगं, इन्स्पायरिंग वाटतं लोकांना!"

परिस्थितीमुळे. तेहतीस वर्षं हा शब्द मी छत्रीसारखा डोक्यावर धरून चाललेय. दुसऱ्यांनीच दिला, मी फक्त परत केला नाही.

आंबिवलीच्या चाळीत राहायचो आम्ही. बाबांची कंपनी बंद पडली होती, हे खरं. आई घरी टिकल्यांची पाकिटं भरायची, हेही खरं. पण शाळा सोड असं ती मला कधीच म्हणाली नाही. उलट आमच्या चाळीतली पहिली दहावी पास मुलगी आपली, असं ती नळावर आधीच सांगून बसली होती. शाळा मी सोडली. पूर्वपरीक्षेत बीजगणितात मला पंचाहत्तरपैकी नऊ पडले म्हणून.

टिपणीस बाई आमच्या वर्गशिक्षिका. शिकवायच्या मराठी. वह्या पेन्सिलीने तपासायच्या, लाल पेन हातात धरायच्या नाहीत. चूक सुधारली की खोडरबराने त्यांची खूण आपणच पुसायची, मग वहीत चूक कधी नव्हतीच. अशा बाईंच्या नजरेत मी हुशार होते. पण नऊ मार्क खोडरबराने पुसले जात नाहीत. मी जायचीच थांबले. पोट दुखतं म्हणाले, डोकं दुखतं म्हणाले, शेवटी काहीच म्हणेनाशी झाले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बाई माझं हॉल तिकीट घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी खिडकीतून त्यांना येताना बघितलं होतं. "मामाकडे गेलीय म्हणून सांग," मी आईला म्हणाले. "मीच शाळा नको म्हणते हे सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला." आणि आतल्या दाराआड शिरले.

बाईंनी आधी पाणी मागितलं. आईचा हात तांब्यापाशी जरासा अडखळला. आमच्या घरचं पाणी कोण पितं आणि कोण 'नको, आत्ताच प्यायले' म्हणतं, हे तिला तोंडपाठ होतं. बाईंनी तांब्या रिकामा केला. आणि मग बोलल्या.

"मुलगी हुशार आहे हो तुमची. पाकिटं भरायला दोन हात हवेत म्हणून तिचं वाटोळं करताय? आई म्हणवून घ्यायची लाज वाटायला हवी."

आई जागची हलली नाही. दाराच्या फटीतून मला आता फक्त तिची पावलं दिसत होती. बाईंनी हॉल तिकीट पाकिटांच्या ढिगावर ठेवलं आणि गेल्या. मला वाटलं, आता आई मला फोडून काढणार. तिने पुन्हा पाकिटं पुढ्यात ओढली.

"बाई चांगल्या आहेत," ती म्हणाली. "बोलल्या, पण पाणी मागून प्यायल्या."

तर हे मानपत्रात कुठल्या परिच्छेदात घालायचं? तीन दिवस मी लिहायला बसत होते. कुठलंही वाक्य सुरू केलं की ते फिरून त्या दाराशीच येऊन उभं राहायचं. चौथ्या दिवशी दुपारी फ्रेमवाला दारात आला. "ताई, देताय की जाऊ?" मी 'थोर' उघडली. त्यात शेवटचे थोर होते आमच्या सोसायटीचे चेअरमन बाबुराव. बाबुराव काढले, चित्राताई टिपणीस घातल्या, सोसायटीची शाळा केली, प्रिंट मारली. दुसऱ्यांच्या पत्रिका मी दोन-दोनदा तपासते. ही एकदाही वाचली नाही.

हॉलमध्ये साठेक माणसं होती. बाई अठ्ठ्याहत्तरच्या, अंगाने निम्म्या झालेल्या, पाठ मात्र अजून फूटपट्टी. शाल झाली, श्रीफळ झालं. मृणाल मानपत्र वाचायला उभी राहिली. ती वाचते फार भावनेने, त्यामुळे काय वाचतेय हे तिला जरा उशिरा कळतं.

"आपल्या खंबीर नेतृत्वाखाली गच्चीचे वॉटरप्रूफिंग पूर्णत्वास गेले. तसेच पाण्याच्या टाकीत पडलेल्या मांजराचा प्रश्न आपण सामोपचाराने..."

मागून कोणीतरी हसत सुटलं. मग अख्खा हॉल. मी खुर्चीच्या दांडीला धरून बसले.

बाईंनी माईक मागितला. "मांजराचं मला स्मरत नाही," त्या म्हणाल्या. "शाळेची गच्ची मात्र गळत होती, आणि अजून गळते असं ऐकते. तेव्हा तेवढं वाक्य परत घ्यावं." टाळ्या पडल्या. "कोणी लिहिलं हे?"

"दर्शनाने, बाई!" मृणालने माझ्याकडे हात केला. "आपली दर्शना! परिस्थितीमुळे जिची..."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. कोणाकडेही बघून हसावं तशा. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर ताट घेऊन बसल्या होत्या. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. "बाई, मी दर्शना. आंबिवलीची."

"आंबिवली." त्यांनी चमचा ठेवला. "समोर नळ होता. घरात चकचकीत तांब्या."

"हो, बाई."

"मुलगी नाही गं आठवत मला. वाईट वाटून घेऊ नकोस. त्या वर्षी मी अकरा घरी गेले होते. तीन मुली परत आल्या. पण तुझी आई आठवते. फार लागेल असं बोलले मी त्यांना. पुढे कितीदा वाटलं, जाऊन माफी मागावी. मग मनाशी म्हणायची, शब्द वाईट होते, पण खोटं तर नव्हतं."

इथे मी गप्प बसले असते तर चाललं असतं. छत्री होतीच की.

"खोटं होतं, बाई. आईने नाही थांबवलं मला. मीच येत नव्हते. बीजगणितात नऊ पडले होते. तुम्ही बोलत होतात तेव्हा मी दाराआड होते."

ताटातल्या जिलेबीवर माशी बसली. बाईंनी ती हाकलली नाही.

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"मी शपथ घातली होती."

"आहेत?"

"गेली. सहा वर्षं झाली."

बाईंनी ताट खुर्चीखाली सरकवलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवतील, असं मला उगाच वाटलं होतं. नाही फिरवला. "म्हणजे त्यांचंच पाणी पिऊन, त्यांच्याच दारात..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. मराठीच्या बाई, वाक्य कधी अर्धं सोडायच्या नाहीत. "आणि तू ऐकत होतीस."

"हो."

"नऊ मार्कांसाठी."

"हो, बाई."

"मूर्ख कार्टी."

तेवढ्यात मृणाल आली. "बाई, ग्रुप फोटो! सगळे थांबलेत!"

"थांबू देत," बाई म्हणाल्या. "ते मानपत्र आण इकडे."

मृणालने फ्रेम आणून दिली. बाईंनी मला मागच्या पट्ट्या काढून कागद बाहेर काढायला लावला. पर्समधून बोटभर पेन्सिल काढली.

"मोतीबिंदू आहे, अक्षर दिसत नाही. तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेव."

मी ठेवलं. बोटाच्या अंदाजाने त्यांनी गच्ची आणि मांजर यांच्यावरून वाकडी रेघ मारली.

"इथे आईवर लिही. सगळं. मी काय बोलले तेही."

"बाई, मानपत्र तुमचं आहे."

"म्हणूनच सांगतेय. आणि ठाण्याला घरी येऊन वाचून दाखव. मृणालने नाही, तू." जरा थांबून म्हणाल्या, "लवकर ये. या वेळी मी न्यायला येऊ शकणार नाही."

आज नववा दिवस. पहिले दोन परिच्छेद झाले, बरे झालेत. तिसऱ्यात अजून दोनच वाक्यं आहेत. बाईंनी पाणी मागितलं. आईने दिलं. पुढचं वाक्य बाईंचं, शब्दन्‌शब्द पाठ आहे मला, पण बोटं 'लाज' टाईप करायला धजत नाहीत. मग एखादं गिऱ्हाईक येतं, मी फाईल मिटते, कोणाचं तरी बारसं छापते आणि परत उघडते.

सकाळी बाईंना फोन केला. रविवारी अकरा वाजता येते म्हणाले.

"बघू," बाई म्हणाल्या.