सात गायी, तिसरा मजला

रुद्रेशने मला साखरपुड्याआधीच सात गोगलगायी दिल्या. नांदेडला त्याच्या ऑफिसशेजारी शोभेचे मासे विकणारं दुकान आहे, तिथून. मी लातूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्याने फुलं दिली असती तर पाण्यात ठेवून मी विसरले असते. गोगलगायी विसरता येत नाहीत. सहा पिवळ्या, एक तांबूस. काचेवरून जाताना त्यांची इवलीशी तोंडं सारखी उघडमीट करायची, आणि पेपर तपासायचं सोडून मी तेच बघत बसायची.

"फक्त बाबांपुढं नाव काढू नको," रुद्रेश म्हणाला होता.

त्याचे बाबा अण्णाराव जळकोटचे. एका पावसाळ्यात त्यांचं कोवळं सोयाबीन गोगलगायींनी ओळीच्या ओळी खाऊन टाकलं होतं, आणि त्यांनी पोती भरभरून गोगलगायी वेचून मिठात घातल्या होत्या. तेव्हापासून त्या घरात हा शब्द शिवीसारखा वापरतात. आणि आमचं लग्न आता फक्त अण्णारावांच्या होकारावर अडलं होतं. रविवारी ते चहाला येणार होते.

नेमका त्याच आठवड्यात गोगलगायींच्या काचेच्या टाकीत निळसर हिरवा, बुळबुळीत थर चढला. त्याला कुबट वास येऊ लागला.

"पाहुणे यायच्या आत ती टाकी गच्चीवर ठेव," आई म्हणाली.

एप्रिलच्या उन्हात, लातूरच्या गच्चीवर! गोगलगायींची उसळच झाली असती.

तो थर शेवाळासारखा दिसतो, पण शेवाळ नसतो. ते जिवाणू असतात. म्हणून त्यावर एरिथ्रोमायसिन चालतं. अँटिबायोटिक उठसूट वापरू नका, हे मी वर्गात इतक्यांदा बजावते की माझंच मला ओशाळल्यासारखं झालं. आधी थर हाताने काढून पाहिला. टाकीवर चादर टाकून अंधार करून पाहिला. तो पुन्हा आला. शेवटी माझ्या पशुवैद्य मैत्रिणीने, सुकन्याने, हसत हसत चिठ्ठी लिहून दिली.

आमच्या इमारतीच्या खालचं औषधाचं दुकान मडिवाळप्पांचं. ते अण्णारावांचे मेहुणे, आणि हे स्थळ सुचवणारेही तेच. शेजारी रसवंती. चरकाचे घुंगरू छनछन वाजत होते, आणि माझा आवाज मुळातच बारीक.

"कुणाला बरं न्हाई, बाई?" चिठ्ठी घेत मडिवाळप्पांनी विचारलं.

"गोगलगायींसाठी हवंय."

'गोगल' घुंगरांत गेलं. 'गायी' तेवढ्या पोचल्या.

"अरे देवा! किती हायत?"

"सात."

"सात! कुठनं आणल्या?"

"नांदेडहून."

"मग लालकंधारी असतील!"

लालकंधारी ही नांदेडकडच्या तांबड्या गायींची जात; मला त्यातलं 'लाल' एवढंच ऐकू आलं. "लालसर एकच आहे. बाकीच्या पिवळ्या."

"खायल्यात का नीट?"

"पालक खातात. काकडी फार आवडते."

"काकडी!" मडिवाळप्पांनी कपाळाला हात लावला. "गोळ्या कशातनं देणार?"

"पाण्यातून."

"लई माया हाय बाई तुमची. आजकाल गायींचं एवढं कोण करतंय!"

मला वाटलं, ते लाडाने 'गायी' म्हणतायत. मला ते आवडलंसुद्धा.

औषध लागू पडलं. थर तपकिरी होऊन सुटू लागला. या औषधाने गोगलगायींना सहसा काही होत नाही; पण मेलेला थर कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. म्हणून मी हवेचा पंप लावून ठेवला होता. रविवारी सकाळी वीज गेली. पंप थांबला, आणि सातही जणी काच चढून वर आल्या. त्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून मी झाकण काढलं, तेवढ्यात दार वाजलं.

दारात अण्णाराव. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर सरकी पेंडीचं अर्धं पोतं. लिफ्ट नाही, तिसरा मजला. मागे रुद्रेश घामाघूम. अण्णारावांनी पोतं टाकीला टेकवून ठेवलं.

"चहा मागून. आधी गायी दाखवा!"

"कोणत्या गायी?" आई म्हणाली.

"आता लपवायलात का? मेहुण्यानं समदं सांगितलंय. सात गायी, त्याबी लालकंधारी! पोरगी सोता औषधपाणी करती. मी गावभर सांगून आलोय. फकस्त तिसऱ्या मजल्यावर चढवता कशा, तेवढं बघू द्या."

मला सगळं एका क्षणात कळलं. आईला काहीच कळलं नाही, पण तिला पाहुण्यांचं मन मोडवत नाही.

"चरायला गेल्यात," ती म्हणाली.

"आजारी जनावर? ह्या उन्हात?"

रुद्रेश छताकडे बघत होता. अण्णारावांच्या मागे, भिंतीवर, एक पिवळी गोगलगाय त्यांच्या टोपीच्या दिशेने शांतपणे निघाली होती.

"गोगलगायी आहेत त्या!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी वर्गातही कधी बोलले नाही. समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला.

अण्णाराव सावकाश वळले. भिंतीकडे पाहिलं. टाकीकडे पाहिलं.

"हिला औषध देऊन मारायला लागलीस व्हय?"

"नाही. जगवायला."

"जगवायला," ते म्हणाले. मग, "आणल्या कुणी?"

"मी," रुद्रेश म्हणाला.

आधी त्यांचे खांदे हलले. मग मिशा. मग ते मटकन पोत्यावरच बसले आणि पोट धरून हसू लागले. "बापानं पोत्यानं माराव्या, अन् पोरानं पैसे देऊन विकत घ्याव्या!" डोळे पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गोगलगायीचं औषधपाणी करणारी पोरगी म्हाताऱ्या सासऱ्याला तर सोडायची न्हाई. माझा होकार. पण एक अट. जळकोटच्या शिवारात ह्यातली एकबी पाय ठेवायला नको."

"एकही नाही," मी म्हणाले. पायाबद्दलची अट त्यांना शब्दशः लागू पडते, हे मनातच ठेवलं. गोगलगायीला पाय एकच असतो.

चहा झाला. वीज आली. "पेंड परत नेतो, घरच्या खऱ्या गायी वाट बघायल्यात," म्हणत अण्णारावांनी पोतं खांद्यावर घेतलं. ते खाली गेल्यावर मी सगळ्या गोगलगायी उचलून पाण्यात सोडल्या आणि मोजल्या. सहा.

तांबूस नव्हती.

मी जिन्यावरून चप्पल न घालता धावले. अण्णारावांची जीप सुरू झाली होती. "थांबा!" मी दिवसभरात दुसऱ्यांदा ओरडले. मी मागच्या सीटवरच्या पोत्याची घडी उलगडली. आत ती होती, शिंगं बाहेर काढून, प्रवासाला तयार.

होकार आता मागे घेतला जाणार, असं मला वाटलं.

अण्णारावांनी निखारा उचलावा तशी ती दोन बोटांत धरली. "बघ रे रुद्र्या! ही तर नवरीच्या आधीच सासरी निघाली!"

दुकानातून मडिवाळप्पा घुंगरांच्या वर आवाज चढवून ओरडले, "दाजी, पाहिल्या का गायी?"

"पाहिल्या, मेहुणे!" अण्णारावांनी हात उंच केला. "ही घ्या तुमची लालकंधारी! दूध तेवढं तुम्ही काढा!"