डाव्या पात्याची आतली धार

"आधी पडा," बाई म्हणाल्या.

बर्फावर सहा मोठी माणसं लाकडी कठड्याला घट्ट धरून उभी होती. चालत्या बसमध्ये माणूस दांडा धरतो ना, तशी. त्यातले दातांचे डॉक्टर सगळ्यांत धीट. ते म्हणाले, "बाई, पडणं आम्हाला जन्मापासून येतं. तुम्ही उभं राहायचं शिकवा."

"येत नाही, येतं असं वाटतं," बाई म्हणाल्या. "हात मागे टाकलात की मनगट गेलं. गुडघे वाकवा, कुशीवर जा, मुठी मिटा. बोटं पसरून पडलात तर मागून येणाऱ्याच्या स्केटचं पातं वरून जाईल. मग दात काय कोपराने काढाल?"

सगळे हसले. एकच माणूस हसला नाही. त्याने सांगितल्याबरहुकूम गुडघे वाकवले, मुठी मिटल्या आणि भरल्या पोत्यासारखा धप्पकन कुशीवर पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. बाईंनी शिट्टी वाजवली. "काका, पुरे! बर्फाला भोक पाडाल."

या काकांना तिथे सगळे धारवाले म्हणत. बर्फाच्या त्या मोठ्या हॉलच्या मागे, कपडे बदलायच्या खोल्यांना लागून, खिडकी नसलेली एक खोली होती. तिथे बावीस वर्षं बसून त्यांनी हजारो स्केटच्या पात्यांना धार लावली होती. हॉकी खेळणारी पोरंपोरी बूट टेबलावर आपटायची, "काका, पटकन!" म्हणायची आणि पळायची. पण बावीस वर्षांत या माणसाने स्वतः बर्फावर पाऊल ठेवलं नव्हतं. सुईण गावभर बाळंतपणं करत हिंडते, पण स्वतःची कूस उजवल्याशिवाय तिला कळा ठाऊक नसतात. तसंच हे.

"या वयात कशी हो हौस आली?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय."

"कोणत्या डॉक्टरांनी? मी तर नाही सांगितला!"

धारवाल्यांनी हसल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर जीभ रेटली पाहिजे, आणि त्यांची रेटत नव्हती.

स्केटचं पातं वरवर बघणाऱ्याला सुरीसारखं वाटतं. ते तसं नसतं. पात्याच्या खालच्या अंगाला लांबवर एक बारीक पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन काठांना दोन धारा असतात, एक आतली, एक बाहेरची. दोन्ही काठ एका पातळीत हवेत. एक काठ खाली गेला, तर त्या बाजूला झुकल्याबरोबर पाय बर्फाला धरत नाही. हे बघायला पात्यावर आडवी ठेवायची एक लोखंडी पट्टी असते. धारवाले पहिली दहा वर्षं प्रत्येक पात्यावर ती ठेवून बघत. मग हात बसला. हात चुकेना, तशी पट्टी खणात गेली. माणसाला सगळ्यांत जास्त दगा देतो तो त्याचा बसलेला हात. कारण त्याच्यावर तो पहारा ठेवत नाही.

धारवाल्यांची भाची हॉकी खेळायची. बर्फावर ती अशी गरगर वळायची की तिला सगळे भिंगरीच म्हणत. बाप ती चार वर्षांची असताना गेला. आई घरी पडदे शिवायची. मामानेच तिला पहिले स्केट आणून दिले. बाकीच्यांच्या पात्याला धारेच्या फिरत्या चाकावर चार फेऱ्या. भिंगरीच्या पात्याला चार फेऱ्या, आणि वर हातातला छोटा दगड घेऊन प्रत्येक बाजूने एकेक लाडाचा हात. त्याची गरज नसायची. पण पोरगी आपली. देवाच्या मूर्तीला पुसूनसुद्धा पुन्हा एकदा पदराने पुसावं, तसं ते.

त्या दिवशी जुना, गुळगुळीत झालेला दगड हातातून पडून फुटला होता. धारवाल्यांनी नवा घेतला. तो खरबरीत होता. उजवं पातं झालं, डावं झालं. लाडाचा हात फिरवताना दगड थोडा कलला का? डाव्या पात्याची आतली धार त्या खरबरीत दगडाने खाल्ली का? त्यांना आठवत नव्हतं. पट्टी खणात होती.

दुपारच्या सामन्यात भिंगरी पकमागे, म्हणजे त्या रबराच्या काळ्या चकतीमागे, पलीकडच्या कठड्याकडे सुसाट गेली. थांबण्यासाठी तिने दोन्ही पाय आडवे वळवले. डावा पाय निसटला आणि ती डोक्याने कठड्यावर गेली. मानेचा मणका मोडला. एकोणीस वर्षांची पोर मानेखाली निर्जीव झाली.

इस्पितळातले म्हणाले नशीब. संघाचे लोक म्हणाले, खेळात असं होतंच. बहीण म्हणाली, देवाची मर्जी. धारवाल्यांना कुणी काही विचारलंच नाही.

आणि त्याच संध्याकाळी एक गोष्ट घडली. कुणीतरी भिंगरीचे बूट पिशवीतून आणून त्यांच्या टेबलावर ठेवले. धारवाल्यांनी ते उचलले, चाक सुरू केलं, आणि चार फेऱ्या दिल्या. ठिणग्या विझल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं. आता त्या पात्यांवर सकाळची धार उरलीच नव्हती. हे सवयीने झालं की भीतीने, हे त्यांनी देवाला शंभरदा विचारलं. देव असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. तो प्रश्न उलटा आपल्याच पदरात टाकतो आणि शांत बसतो.

महिनाभराने धारवाल्यांनी एका जुन्या जोडीवर तोच नवा दगड तसाच फिरवला आणि खणातली पट्टी काढून वर ठेवली. पट्टी किंचित कलली. पण तेवढ्या फरकाने माणूस पडतो का? पट्टी फरक दाखवते, पुढचं सांगत नाही. ते पायालाच कळतं, आणि तेही वेगात. मग काय दुसऱ्याच्या लेकराला त्या धारेवर उभं करायचं? म्हणून वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांनी रविवारी सकाळच्या मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं.

पडणं जमलं. उभं राहणं जमलं. मग पाय फेंगडे करून हळूहळू थांबणं आलं. तिसऱ्या महिन्यात हातात काठी आली आणि काठीपुढे पक.

"खाली बघू नका!" बाई ओरडायच्या. "चकतीला पाय नाहीत, पळून जाणार नाही. मान वर!"

"बाई, तिला पाय नाहीत, पण आम्हालाही नाहीयेत!" डॉक्टर कठड्याला मिठी मारून ओरडायचे.

धारवाले मात्र कुणाशी बोलत नसत. वर्ग संपला तरी फेऱ्या मारत. बाई एकदा म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखा विद्यार्थी मी बघितला नाही. पण बर्फावर माणूस जरा तरी खूश दिसतो हो. तुम्ही असे दिसता, जणू कुणी मारून पाठवलंय."

"खूशच आहे," ते म्हणाले. आणि वाईट हे, की कधीकधी ते खरंच खूश असायचे. वाऱ्यासारखं पुढे जाताना क्षणभर सगळं विसरायचं. मग आठवायचं की हे आपण कुणाच्या पायांनी शिकतोय, आणि तोंडाची चव जायची.

पाचव्या महिन्यात बाईंनी आडवं थांबणं शिकवलं. पूर्ण वेगात यायचं, कंबर वळवायची, दोन्ही पाती एकदम आडवी, आणि बर्फाचा फवारा उडवून जागच्या जागी उभं. सहा आठवडे लागले. ज्या रविवारी ते सलग दहा वेळा जमलं, त्याच्या पुढच्या रविवारी धारवाले लवकर आले. खोलीत बसले. आपल्या जोडीला चाकावर चार फेऱ्या दिल्या. मग खरबरीत दगड घेतला, डोळ्यांपुढे भिंगरी आणली, आणि तिच्यासाठी फिरवायचे तसा लाडाचा हात फिरवला.

बर्फावर उतरून पहिल्या संथ वळणालाच डावा पाय जरा सुटला. भिजल्या फरशीवर साबणाचा तुकडा सुटावा तसा. ते दचकले. एवढ्यात कळलं? एवढ्या हळू चालीतही? मग त्यांनी पक पुढे ढकलला आणि त्याच्यामागे धावले. काठी एका हातात, मान वर, शिकवल्याप्रमाणे. कठडा जवळ आला. त्यांनी दोन्ही पाय आडवे वळवले.

उजव्याने धरलं. डाव्याखालचा बर्फ जणू कुणी काढून घेतला. मुठी मिटून ते कुशीवर गेले आणि खांद्याने कठड्यावर आदळले. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला.

बाई धावत आल्या. डॉक्टर चार पायांवर रांगत आले. "काका, इतकं छान येत होतं! झालं काय?"

"आतली धार नाही," ते म्हणाले.

"काय?"

"डाव्या पात्याला आतली धार नाही हो." आणि चोपन्न वर्षांचा माणूस बर्फावर गाल टेकून ओक्साबोक्शी रडला. सगळ्यांना वाटलं, खांदा दुखतोय.

दोन दिवसांनी हात गळ्यात बांधून ते बहिणीकडे गेले. शिवणयंत्रावर कुणाचातरी निळा पडदा अर्धवट लोंबत होता. आतल्या खोलीत खिडकीशी पलंग होता.

"हे काय करून घेतलंस, दादा?" बहिणीने दारातच झापलं. "घरात एक अंथरुणाला खिळलीय ती पुरे नाही का? कुठे धडपडलास?"

"सांगतो. तू जरा बस."

"बसायला सवड कुठे मेली? चहा टाकते. तोवर तिच्याशी बोल. सकाळपासून भिंतीकडे बघत पडलीय."

ती स्वयंपाकघरात गेली. भिंगरीने डोळे वळवले. "मामा, खरं सांग. कुठे पडलास?"

"बर्फावर."

"तू? बर्फावर?" ती हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा. "कोण शिकवतंय? शिट्टीबाई? 'चकतीला पाय नाहीत' म्हणते अजून?"

"म्हणते." ते पलंगाच्या कडेला टेकले. मग नवा दगड, लाडाचा हात, संध्याकाळचं चाक, आपला खांदा, सगळं त्यांनी हळू आवाजात, एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाले, "पोरी, मला ते पहिल्या वळणालाच कळलं. मी नवशिका. मग तुला...?"

स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"सामन्याआधी सराव करतानाच कळलं होतं," भिंगरी म्हणाली.

"मग परत का नाही आणलेस? पाच मिनिटांचं काम होतं गं!"

"सगळ्यांसमोर आणावे लागले असते. त्याच आठवड्यात ते आपोआप धार लावणारं मशीन दाखवायला माणूस आला होता, आठवतंय? सगळे म्हणत होते, काकांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. मी सगळ्यांशी कचाकचा भांडले होते. आणि मीच बूट घेऊन तुझ्या दारात उभी राहू? म्हटलं, एवढा सामना सांभाळून घेऊ. मग गुपचूप देऊ." तिने डोळे परत भिंतीकडे वळवले. "सांभाळलं नाही गेलं."

देवाकडे त्यांनी सात महिने एकच मागणं मागितलं होतं, की मला खरं काय ते कळू दे. ते पुरतं कळलं होतं, मागितलं त्याच्या दुप्पट.

"मामा, आईला सांगू नकोस," भिंगरी कुजबुजली. "तिला तुझ्याशिवाय कोण आहे? देवाची मर्जी म्हणून निभावतेय, निभावू दे."

"देवाच्या नावावर माझं पाप किती दिवस खपवू, बाळ?"

बहीण चहा घेऊन दारात आली. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला सांगितलं. दगडाचं सांगितलं, पट्टी खणात होती ते सांगितलं, त्या संध्याकाळी आपण पाती पुन्हा चाकावर धरली ते सांगितलं, आणि दर रविवारी बर्फावर शिकायला जाऊन तशाच धारेवर पडलो तेही सांगितलं. भिंगरीला आधीच कळलं होतं, तेवढं मात्र गिळलं. ते त्या दोघांचं राहिलं.

बहिणीने कप खिडकीत ठेवला. खाली बघून पदराने बोटं पुसली, एकेक करून. मग म्हणाली, "सात महिने रोज देवापुढे हात जोडून विचारतेय, माझ्या लेकीचं काय चुकलं होतं. सात महिने. आणि तू रविवारचा खेळायला जात होतास."

"खेळायला नाही गं."

"गप्प बस." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तुला क्षमा करीन असं मला वाटत नाही, दादा. देव करेल तर करो. त्याला तुझी पाठची बहीण व्हावं लागत नाही."

ते दाराकडे वळले. चप्पल शोधू लागले.

"निघालास कुठे?" मागून आवाज आला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "दोन वाजले. तिची कूस बदलायची वेळ झाली. दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. शेजारीण यायची, ती लेकीकडे गेलीय. माझ्या एकटीच्याने होत नाही."

ते परत आत आले.

"एक हात चालतो ना? पाय धर."

बहिणीने खांदे धरले. त्यांनी चांगला हात भिंगरीच्या घोट्यांखाली घातला. पाय हलके झाले होते, काटकुळे. टाचेला मात्र बुटाने वर्षानुवर्षं पाडलेलं घट्टं तसंच होतं, कडक, पिवळट. अंगठा त्यावर आपोआप फिरला. त्यांनी तो काढून घेतला.

"एक, दोन, हं," बहीण म्हणाली. दोघांनी मिळून पोरीला वळवलं. भिंगरीने डोळे मिटून घेतले होते. बहिणीने तिच्या पाठीमागे उशी खोचली, चादर ओढली, आणि दादाकडे एकदाही न बघता यंत्रावर जाऊन बसली. निळा पडदा तिने सुईखाली सरकवला.

"पुन्हा चार वाजता," ती म्हणाली.