पायापुरता उजेड

मित्रांनो, मी एक जुनी डोक्याची बॅटरी आहे. शहरातली माणसं मला हेड टॉर्च म्हणतात, पण आमच्या वाशीम जिल्ह्यात हातातली असो की कपाळावरची, सगळ्यांना बॅटरीच म्हणतात. माझा पट्टा आता सैल झाला आहे. काचेवर एक चरा आहे. मूळचा पिवळा रंग मातीखाली कधीच गेला. तरी बटण दाबलं की मी लागते, आणि हे सांगताना मला अजून अभिमान वाटतो.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला ठाऊक नाही. एक लांब टेबल, त्यावर भराभर चालणारे बायकांचे हात आणि मग खोक्यातला अंधार, एवढंच आठवतं. खोकं उघडलं ते शेलूबाजारला, शफीकभाईंच्या विजेच्या सामानाच्या दुकानात. तिथे एका खुंटीवर मी वर्षभर लटकले. त्याचं कारण सांगते. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारायचं, "किती दूर फेकते?" मग शफीकभाई दिवेलागणीला रस्त्यावर उभे राहून एकेकीचा झोत पाण्याच्या टाकीवर मारून दाखवायचे. माझी शेजारीण मोठ्या काचेची, चार्जिंगवर चालणारी. तिचा झोत टाकी ओलांडून पार टेकडीला लागायचा. माझा उजेड मात्र दुकानापुढची गटार ओलांडून थोडा पुढे जाई आणि पसरून बसे. लोक हसत. मी पुन्हा खुंटीवर जाई.

अशात जानेवारीतल्या एका दुपारी पंचफुलाबाई आल्या. साठीच्या, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. सोबत सून धम्मदीपा होती.

"जय भीम, काकू," शफीकभाई म्हणाले. "काय पाह्यजे?"

"डोक्याले बांधाची बॅटरी दाखव. वावर ओलाचं हाय."

त्यांची गरज मला लवकरच कळली. त्यांचे यजमान माणिकराव रात्री गव्हाला पाणी देत असताना पडले होते. दोन्ही हातांत फावडं, म्हणून बॅटरी दातांत धरलेली. पाय घसरला आणि खांद्याचं हाड मोडलं. मुलगा प्रसेनजित नोकरीमुळे पुण्यात. गहू ऐन ओंबीवर आलेला, आणि त्या आठवड्यात मोटारीची लाइन, म्हणजे वीज, रात्री दहा ते सकाळी सहा. माणिकराव म्हणत होते, वावर शेजारच्या शेतकऱ्याला, भाऊसिंगाला, बटईने देऊन टाकू. म्हणजे राबणार भाऊसिंग, अर्धं पीक त्याचं, आणि वावरात शब्दही त्याचाच चालणार. ती दोन एकर जमीन घेण्याआधी पंचफुलाबाईंनी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या वावरांत निंदण केलं होतं. त्यांनी यजमानांकडून दोन रात्री मागून घेतल्या होत्या. तेवढ्यात दोघी सासू-सुनांनी गहू ओलला, म्हणजे सगळ्या वावराला पाणी दिलं, तर वावर घरात, नाहीतर दुसरी रात्र सरताच सकाळी भाऊसिंगाला होकार.

शफीकभाईंनी सवयीने मोठ्या काचेची काढली. "हे घ्या. पार टेकडीपर्यंत फेकते."

"टेकडीले कोण पाणी देऊन राह्यलं?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "पायापाशी दिसते का ते सांग."

"दिसते ना, काकू!"

"दुपारी बारा वाजता सांगतं? तुयं गोदाम खोल."

मित्रांनो, त्या दुपारी जे झालं ते त्या दुकानात आधी कधी झालं नव्हतं. शफीकभाईंनी मागच्या गोदामाचं दार लोटून अंधार केला. पंचफुलाबाईंनी कोपऱ्यातला झाडू फावड्यासारखा धरला, मोठ्या काचेची कपाळावर बांधली आणि वाकून खोटी माती ओढायला लागल्या.

"काकू, गोदामात गहू पेरता का माया?"

"तू गप उभा राह्य. दीपा, तो सुतळीचा तुकडा टाक खाली. मले सांगू नको कुठं टाकला ते."

मोठ्या काचेचा झोत समोरच्या भिंतीवर ताटलीएवढा पडला, आणि बाकी सगळा काळोख. सुतळी त्यांच्या पायाखाली आली तेव्हाच कळली. शिवाय वाकताना ती जड बाई घसरून नाकावर आली.

"हा साप असता त चावला असता मले," पंचफुलाबाई म्हणाल्या. "अन् मंधातच सरली त?"

"चार्ज कराची."

"कुठं? गव्हाच्या ओंबीत वायर खुपसू?"

धम्मदीपा तोंडाला पदर लावून हसली. दुसरी एक बांधून पाहिली. तिचं बटण इतकं बारीक होतं की ओल्या बोटाने दाबलं जाईना. मग माझी पाळी आली. माझं बटण मोठं, वजन कमी, मान खाली वळणारी आणि तीन बारीक सेल, जे कनवटीला बांधूनही नेता येतात. मी लागले. माझा उजेड चटईसारखा जमिनीवर अंथरला गेला. सुतळी उजवीकडे चार हातांवर होती. पंचफुलाबाई तिच्याजवळ गेल्या आणि झाडूने ती बाजूला सारली.

त्यांनी शफीकभाईंच्या तांब्यातलं पाणीही माझ्यावर ओतलं.

"अरे काकू! घेतली नाई अजून!"

"आता घेतली," त्या म्हणाल्या. मी विझले नव्हते.

मला वाटलं, आता सगळं सोपं आहे. पण पहिली रात्र फजितीची गेली. माणिकराव गळ्यात हात बांधून विहिरीवर मोटारीच्या पेटीपाशी बसले होते. बटण दाबायला एक हात पुरे. त्या खोलगट शिवारात मोबाइलची रेंज नव्हती आणि मोटारीपुढे हाक ऐकू येत नसे. म्हणून त्या घरची जुनी रीत होती. वावरातून उजेड आडवा हलला की मोटार बंद, उभा हलला की चालू. हातातली बॅटरी होती तोवर हे छान चालत असे. पण मी तर कपाळावर! पंचफुलाबाई पाणी कुठल्या वाफ्यात गेलं ते पाहायला डावीकडे-उजवीकडे बघत, की माझा उजेड आडवा हले, की माणिकराव मोटार बंद करत.

धम्मदीपा चिखल तुडवत विहिरीकडे धावायची. "बाबा, काहून बंद केली?"

"तुह्या सासूनंच सांगतली ना!"

"त्या वाफा पाहून राह्यल्या!"

"मंग मुंडकं कायले हलवते?"

मोटार चालू व्हायची, पाणी दांडाच्या पाटातून खालपर्यंत यायला वेळ लागायचा, आणि तोवर पंचफुलाबाईंची मान पुन्हा वळायची. एकदा तर सुनेला "नाई, नाई" म्हणताना मान हलली आणि मोटार बंद झाली. सकाळी सहाला लाइन गेली तेव्हा पाव वावरही ओलं झालं नव्हतं. माणिकराव उठून म्हणाले, "पंचफुले, जिद्द सोड. भाऊसिंगाले निरोप धाडतो मी."

"दोन रात्री बोलले तुमी. एकच झाली."

दिवसभर पंचफुलाबाई निंदण करणारी बाई जशी तण निवडते तसा एकेक इशारा निवडत होत्या. हात चिखलाचे, तोंड ऐकू न येणारं, डोकं कामात. उरलं काय? संध्याकाळी त्या माणिकरावांना म्हणाल्या, "माही पाठ तुमच्याकडं राहीन. उजेड दिसलाच नाई त मोटार चालू द्या. म्या वळून तोंड तुमच्याकडं केलं, उजेड डोयात आला, का बंद करा. बाकी काई पाहू नका."

"अन् तू पडलीस त?"

"मंग दीपा हाय ना. अन् मी पडत नाई."

दुसऱ्या रात्री मोटार एका सुरात चालली. वाफा भरला की फावड्याने मातीचा बांध फोडायचा, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, मागचं तोंड बुजवायचं. धम्मदीपा वरच्या दांडावर, पंचफुलाबाई खाली, आणि मी त्यांच्या पावलांपुढे चटई अंथरत होते. दोनच्या सुमारास माझ्या चटईच्या काठावर काहीतरी हललं. घोणस होती, जाडजूड, बांधावर वेटोळं करून. पंचफुलाबाईंचं उचललेलं पाऊल हवेत थांबलं. त्यांनी ते मागे घेतलं, आणखी दोन पावलं मागे सरल्या आणि वळून विहिरीकडे तोंड केलं. मोटार थांबली. शिवार एकदम शांत झालं.

"दीपा, तिथंच थांब," त्या म्हणाल्या. "इकडं एक पाव्हणी हाय."

घोणस सावकाश धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या हद्दीवरच्या गवतात, निघून गेली. त्यांनी पुन्हा पाठ केली, मोटार सुरू झाली. पहाटे साडेपाचला शेवटचा वाफा भरला, तेव्हा त्या विहिरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि माणिकरावांनी मोटार बंद केली ती कोणीही धावत न येता.

उजाडल्यावर माणिकराव अनवाणी गव्हात शिरले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायाच्या अंगठ्याने माती उकरून पाहिली. सगळीकडे ओल. एवढ्यात भाऊसिंग धुऱ्यावर आला. "मंग, काका? काय ठरवलं?"

माणिकराव पायाचा चिखल गवताला पुसत म्हणाले, "मले काय विचारतं? वावरवाल्या त्या दोघी बसल्या. त्याहिले विचार."

भाऊसिंगाने दोघींच्या कोपरापर्यंत भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि बटईचं काही विचारलं नाही. "चहा पाजा मंग," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, त्याला आठ वर्षं झाली. पुढचे काही हिवाळे मी कामाला गेले, कधी सासूच्या कपाळावर, कधी सुनेच्या. नंतर प्रसेनजितने पुण्याहून नवी आणली आणि मी कोनाड्यात पडले. सेल कुणी काढले नाहीत. ते पाझरले आणि माझ्या आतल्या पत्र्यांवर हिरवट थर चढला. मी दीड वर्ष मुकी होते. एका दिवाळीच्या साफसफाईत धम्मदीपाने मला उघडलं, लिंबाच्या फोडीने पत्रे घासले, उन्हात वाळवले. त्या संध्याकाळी मी लागले, तशी ती म्हणाली, "आई, आपली लागली!" दोन एकरांत अजूनही दुसऱ्या कुणाचं फावडं पडलेलं नाही.

म्हणून मी तुम्हाला सांगते. बॅटरी घ्यायची असेल तर ती किती दूर जाते ते नंतर विचारा, आधी तुमचं काम काय ते तिला सांगा. अंधारात नेऊन, वाकून, ओल्या हाताने करून पाहा. काम संपलं की सेल काढून ठेवा, पट्टा धुऊन वाळवा. आणि मला कपाळावर बांधून चालताना समोरून माणूस आला, तर माझी मान तेवढी खाली वळवा. त्यालाही अंधारातूनच घरी जायचं असतं.