मी अक्रोडफोड्या नव्हे

मित्रांनो, मी एक जुने, ओतीव लोखंडाचे, बुचे दाबून मऊ करणारे यंत्र आहे. असले यंत्र असते हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. ज्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी राहतो, तिथल्या भल्याभल्यांनीही मला ओळखले नव्हते.

माझा जबडा सुसरीसारखा लांब आहे. त्यात लहानापासून मोठ्यापर्यंत अर्धगोल खाचा, खाचांत बारीक दाते आणि वरून दाबायला दांडा. पूर्वी प्रयोगाच्या बाटल्यांना झाडाच्या सालीची बुचे लावत. ती वाळून टणक होतात आणि काचेची नळी घालण्यासाठी तशीच भोक पाडायला घेतली की उभी फुटतात. म्हणून आधी ती माझ्याकडे येत. थोडे दाबायचे, थोडे फिरवायचे, पुन्हा दाबायचे. माझ्या जबड्यातून गेलेले बूच सहसा फुटत नसे, हे मी छाती फुगवून सांगतो.

पुढे रबरी बुचे आली आणि मला कोणी विचारेना. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला उंबऱ्याशी ठेवले. एका हिवाळ्यात तर प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या दादांनी माझ्याकडून चक्क अक्रोड फोडून घेतले. त्यात माझा एक दात गेला. फार अपमान वाटला, पण सांगणार कोणाला?

मग एकदा साफसफाई निघाली. दादांनी मला उचलले आणि पोत्यात टाकले.

"बाई, हा अक्रोडफोड्या देऊन टाकू ना? भंगारवाला खाली टेम्पो लावून उभाय."

रसायनशास्त्राच्या बाईंचे लक्षच नव्हते. दुपारी त्यांचे म्हातारे सर येणार होते. सरांची दृष्टी गेली होती. ज्या काचेच्या जुन्या संचावर त्यांनी बाईंना पाण्याची वाफ करून शुद्ध पाणी मिळवायला शिकवले, त्यातून पडणाऱ्या थेंबांचा आवाज त्यांना पुन्हा एकदा ऐकायचा होता. पण त्या संचातल्या बाटलीच्या जुन्या मापाच्या तोंडाला रबरी बूच बसेना आणि सालीची बुचे एकामागून एक फुटत होती. आता शेवटचे उरले होते.

"हेही फुटलं तर सरांना काय तोंड दाखवू हो, दादा?"

बाईंच्या बोटांना बुचाचा तपकिरी भुगा लागला होता. बोटे झटकताना त्यांची नजर पोत्यातून डोकावणाऱ्या माझ्या जबड्यावर गेली. माझ्या दातांतही तसाच भुगा होता. त्यांनी तो टाचणीने उकरला आणि बोटांत चुरून पाहिला.

"दादा, हे अक्रोडाचं टरफल नाही. हे बूच आहे!"

"असेल. कुणीतरी बुचं फोडली असतील."

"फोडली नाहीत. दाबली!"

शेवटचे बूच तिसऱ्या खाचेत नेमके बसले. बाईंनी उत्साहाने दांडा दाबला आणि बूच कुरकुरले. बाई, हळू, मी मनात ओरडलो! त्यांनी हात आवरला, बूच जरा फिरवले, हलकेच दाबले. मग भोक पाडले. बूच फुटले नाही.

दादांनी खिडकीतून भंगारवाल्याला हाक मारली, "निघा तुम्ही! आज काही नाही आमच्याकडे."

दुपारी थेंब टपटपू लागले. सर मान कलती करून ऐकत राहिले. मग त्यांनी बूच चाचपले.

"वा! दाबून घेतलंस वाटतं?"

बाईंनी त्यांचा हात माझ्यावर ठेवला. सरांची बोटे जबड्यावरून फिरली आणि थांबली.

"अगं, ही तर आमची सुसर! हिचा दात कुणी पाडला?"

दादा छताकडे बघू लागले. मला रडता येत नाही ते बरे, नाहीतर त्या दिवशी मी गंजलोच असतो.

आता मी बाईंच्या टेबलावर असतो, तेलपाणी केलेला. मित्रांनो, एखादी वस्तू ओळखू आली नाही, तर तिला पोत्यात टाकण्याआधी तिच्या दातांत काय अडकले आहे ते बघा. आणि अक्रोड फोडायचे असतील, तर दाराच्या फटीत फोडा.