शंभर जोड, गळती शून्य

"माणसाच्या हातून होणाऱ्या कामांत शिवण्याइतकं पवित्र काम नाही, आणि अन्ननलिकेला आतडं शिवणं हे त्यातलं शिखर आहे!" वॉर्डाच्या मधोमध उभे राहून मोठे डॉक्टर म्हणाले. ते आणखीही म्हणणार होते. पण कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ मध्येच 'टप्' असं म्हणाला आणि एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही.

या वॉर्डात कॅन्सर झालेलं जठर काढून टाकतात आणि वरची अन्ननलिका थेट खालच्या आतड्याला जोडतात. सगळा खेळ त्या जोडाचा. मोठ्या डॉक्टरांचा जोड कधीच गळत नसे. ज्यांचा गळे, त्यांना त्याच दिवशी छातीच्या वॉर्डात हलवत. तिथे ते न्यूमोनियाचे पेशंट होत आणि इकडचं शून्य शाबूत राही. गुरुवारी परिषद होती. तिच्यासाठी भिंतीवर फलकही लागला होता: 'शंभर शस्त्रक्रिया, गळती शून्य.'

शंभरावे पेशंट म्हणजे चार नंबरच्या खाटेवरचे नळवाले काका. चाळीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस. ऑपरेशनच्या आधीच त्यांनी विचारून ठेवलं होतं, "डॉक्टरसाहेब, जोड दिल्यावर पाणी सोडून बघता ना?"

"बघतो की. सातव्या दिवशी औषध पाजून एक्स-रे काढतो."

"मग हरकत नाही. न बघता भिंत बुजवणाऱ्याच्या हाती मी घर देत नाही."

सातवा दिवस गेला. आठवा, नववाही गेला. बघितलंच नाही तर गळत नाही, हे शास्त्र मोठ्या डॉक्टरांना पाठ होतं. पण तपासणी होईपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंब नाही. पोटातल्या नळीतून अन्न-पाणी जात होतं, त्याने भूक भागे. तहान मात्र जिभेवरच ठाण मांडून बसली होती. आणि चार हातांवर तो नळ. टप्. टप्.

काकू ओल्या कापसाने ओठ पुसत म्हणाल्या, "अहो, लक्ष देऊ नका तिकडे."

"कान काढून ठेवू का? जठर काढलंय तेवढं पुरे."

दहाव्या दिवशी, मंगळवारी, काकूंनी मोठ्या डॉक्टरांना दारातच गाठलं. "यांना पाणी कधी?"

"शुक्रवारी बघू. घाई कसली, काकू?"

"छे, घाई कसली! परवा भाषण करताना तुम्ही पाणी प्याल ना, तेव्हा घोटाघोटाला यांची आठवण काढा म्हणजे झालं."

हे सिस्टरने ऐकलं. सिस्टरने पुढे केलेल्या कागदावर मोठे डॉक्टर न वाचता सही ठोकत, नजर मोबाइलवर ठेवून. त्या दिवशी परिषदेच्या दोनशे आमंत्रणांवर सह्या व्हायच्या होत्या. सिस्टरने मध्येच एक्स-रेचा फॉर्म सारला. दुपारी काका मशीनसमोर उभे होते आणि मोठे डॉक्टर धापा टाकत येऊन पोहोचले होते.

पडद्यावर औषधाची रेघ खाली उतरली, जोडाशी आली आणि तिच्या कडेला एक बारीक फाटा फुटला.

"सावली असेल," मोठे डॉक्टर म्हणाले.

"पाझर आहे," काका म्हणाले. "केसाएवढा."

शिकाऊ डॉक्टर छताकडे बघू लागले.

"म्हणजे आता तुम्हाला छातीच्या वॉर्डात..."

"छातीला काय धाड भरलीय? अहो साहेब, माझेही जोड गळालेत. ज्याचा एकही गळला नाही, त्या प्लंबरला कामच मिळालेलं नसतं. कळलं हे बरं झालं. न बघता जेवू घातलं असतंत म्हणजे?"

मोठे डॉक्टर स्टुलावर बसले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "एवढा पाझर आपोआप भरतो. पण अजून आठ दिवस तोंडाने काही नाही. मी रोज येऊन बघेन." मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू? याआधीचे सहा."

"मग मी सातवा. फलक बदला."

सिस्टरने लाल पेनने शून्याचे सात केले. परिषदेत मोठ्या डॉक्टरांनी खरा आकडा सांगितला, तेव्हा सभागृहातले सर्जन आपापल्या कार्यक्रमपत्रिकेत डोकं घालून बसले. चहाच्या वेळी मात्र शून्य गळतीवाले तिघे सर्जन एकेकटे जवळ येऊन कुजबुजले, "का हो, गळला तर तुम्ही नेमकं करता काय?"

शुक्रवारी मोठे डॉक्टर चार नंबरपाशी आले ते भारावूनच. "काका, तुमच्यामुळे शल्यशास्त्रात नवं पर्व सुरू झालं! मागा, काय हवं ते मागा!"

काकांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. कोपऱ्यात टप् झालं.

"एक पाना द्या आणि अर्ध्या इंचाचा वायसर. अजून पाच दिवस काढायचेत मला त्याच्या शेजारी."