वाय-फायचं पान

रमाबाईंचं मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि नौपाड्यातल्या हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसायचं काम कुणी न सांगताच नंदाकडे आलं. थोरली सून ना. कोपरहून रोज यायची, सासूला कुशीवर वळवायची, केस विंचरायची, नर्सच्या मागे लागायची. धाकटी शिवानी हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत राहायची, पण तिला ऑफिस.

रमाबाईंना ध्यास एकच, हर्षितला बघायचंय. हर्षित नंदाचा मुलगा, शिकायला जर्मनीत गेलेला. खोलीत मोबाईलला रेंज नव्हती. हॉस्पिटलचं वाय-फाय होतं, पण आधी फोनवर एक पान उघडायचं आणि त्यात काउंटरवरून मिळालेला कोड टाकायचा. ते पानच नंदाच्या फोनवर येईना. तिने फोन बंद करून चालू केला, नर्सला दाखवला, काही उपयोग नाही.

शनिवारी शिवानी आली. फोन हातात घेऊन म्हणाली, "ताई, हर्षितने जाहिराती बंद करायला प्रायव्हेट डीएनएस नावाचं सेटिंग चालू करून ठेवलंय. त्यामुळे पान अडतंय. हे ऑफ करायचं, बस." तिने ऑफ केलं आणि पान लगेच उघडलं. थोड्या वेळात पडद्यावर हर्षित आला. रमाबाई रडल्या, हसल्या, मग शिवानीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "माझी गुणाची पोर."

तो हात नंदाच्या गालावरून लग्नानंतर कधी फिरला नव्हता. पोरगा माझा, फोन माझा, सेवा माझी, आणि गुणाची ही. घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची लेकसुद्धा शिवानीलाच फोन दाखवत होती, तेही आठवत राहिलं.

सोमवारी कोडची मुदत संपली आणि वाय-फायने पुन्हा नवा कोड मागायची वेळ आली. त्याआधीच नंदाने बाहेरच्या पायऱ्यांवर उभं राहून ते सेटिंग परत चालू केलं होतं. शनिवारी शिवानी फोनमध्ये कुठे शिरली, कुठे दाबलं, सगळं तिने नीट पाहिलेलं. आत येऊन ती म्हणाली, "आई, पान परत येत नाहीये. शिवानीने केलेलं काही टिकलं नाही."

"मग तिला बोलव ना," रमाबाई म्हणाल्या. "तिलाच जमतं ते."

हे नंदाच्या हिशेबात नव्हतं. रमाबाईंनी दोनदा, तीनदा टुमणं लावलं, तेव्हा तिला बाहेर जाऊन फोन करावाच लागला.

भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत शिवानी आली. घामाने चिंब. सेटिंग उघडलं आणि ती थबकली.

"हे परत चालू कसं झालं?"

"मला काय कळतं त्यातलं," नंदा म्हणाली.

शिवानीने फोन तिच्या हातात दिला. "मग तुम्हीच करा ताई. मी सांगते, म्हणजे पुढच्या वेळी अडणार नाही."

शिवानीने तोंड उघडायच्या आत नंदाचं बोट थेट जागेवर जाऊन पोचलं होतं. मागे घ्यावं तर उशीर झालेला. पान उघडलं. शिवानी तिच्या बोटाकडे बघत होती. नंदाने मान वर केली नाही. आता ही बोलणार, आईंसमोर बोलणार.

"झालं का गं शिवानी?" रमाबाईंनी विचारलं.

"मी काही केलं नाही आई. ताईंनी केलं."

"तू शिकवलंस म्हणून," रमाबाई म्हणाल्या.

लिफ्टपाशी शिवानी हळूच म्हणाली, "ताई, आता मला बोलवू नका. असं मध्येच निघता येत नाही ऑफिसमधून." आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं नंदाला वाटलं. भांडता तरी आलं असतं. लिफ्टचं दार बंद झालं. आपलं पितळ हिने झाकून ठेवलं, हे शनिवारच्या त्या हातापेक्षाही जास्त बोचलं.

खोलीत रमाबाई नातवाला सांगत होत्या, "उन्हातून धावत आली रे तुझी काकू, माझ्यासाठी."

"काकू भारी आहे," पलीकडून हर्षित म्हणाला.

नंदाने टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळला. "आई, अंग पुसून घेऊ या?"

"थांब गं जरा. बोलतेय ना मी," रमाबाई म्हणाल्या.

हातात ओला टॉवेल घेऊन नंदा खाटेपाशी उभी राहिली.